छत्रीखालचे बुवा

खर्ड्याच्या रस्त्यावर भर दुपारी सायकल ढकलत जाणारा माणूस दिसला, त्याच्या हातात उघडी छत्री असली आणि तरीही त्याचं स्वतःचं डोकं टळटळीत उन्हात असलं, तर खुशाल ओळखायचं की आमचे डॉक्टर फिरतीला निघाले. छत्री ते कॅरियरवर धरायचे. कॅरियरवर पेटीचा फोनो, आणि फोनोवर शाळेच्या दोन पाट्यांच्या मधे, वहिनींच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक तबकडी. त्या पाट्या माझ्या शाळेच्या होत्या. दोन महिन्यांसाठी म्हणून नेल्या त्या पाच वर्षांत परत आल्या नाहीत. मी मागितल्या की म्हणायचे, "बाई, तुमच्या पोरी वाळूत अक्षरं गिरवतील हो. बुवांनी कुठं झोपायचं?"

बुवा म्हणजे त्या तबकडीवर गाणारा माणूस. त्याचं नाव, गाव, भाषा यातलं काहीएक कुणाला ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांच्या बोलण्यात तो असा यायचा की पहिले काही दिवस मला वाटलं, यांचे कुणी चुलते माजघरात पडून असतात.

डॉक्टरसुद्धा ते खरे नव्हतेच. सरकारी देवी टोचणारे. कुणी डॉक्टर म्हटलं की लगेच दुरुस्त करत, "डॉक्टर नाही, व्हॅक्सिनेटर." आता खर्ड्याच्या बाजारात हा शब्द कुणाच्या जिभेवर वळणार? लोक आपले डागदर म्हणून मोकळे. बेळगावहून लस यायची, ती उन्हाळ्यात टिकत नसे, म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांची फिरती. जामखेड तालुक्यातल्या कुठल्या वाडीत किती दंड टोचायचे राहिलेत हे त्यांना तोंडपाठ. लसीला ओलं फडकं, बुवांना छत्री, आणि स्वतःला काही नाही. कपाळ भाजून काळं ठिक्कर पडलेलं, त्यावर लहानपणी आलेल्या देवीचे वण.

मी मूळची नगरची. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले आणि ऐन दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोकल बोर्डानं मला खर्ड्याच्या मुलींच्या शाळेवर नेऊन टाकलं. एकटी बाई, त्यातून ख्रिस्ती. घर द्यायचं म्हटलं की ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे येणार असायचे! शेवटी डॉक्टरांनी आपल्या घरातली रस्त्याकडची खोली दिली. माझी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. अट एकच घातली, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. का, तर भिंतीच्या पलीकडे बुवा असतात, हादऱ्यानं त्यांना तडा गेला म्हणजे? पाच वर्षं माझं कॅलेंडर ट्रंकेवर उभं होतं.

ही तबकडी त्यांना सापडली ती नगरच्या जुन्या बाजारात. लढाई सुरू झाली त्या वर्षी ते कचेरीच्या कामाला गेले होते. तहान लागली म्हणून एका भंगारवाल्याकडे पाणी मागितलं. त्यानं माठावरचं झाकण उचललं, आणि ते झाकण म्हणजे ही तबकडी! मधला कागद कुणीतरी खरवडलेला, निळा अर्धा चतकोर तेवढा चिकटून राहिलेला. डॉक्टर पाणी प्यायचं विसरले. भंगारवाला म्हणाला, तुम्ही नेली तर माझ्या माठावर काय ठेवू? तेव्हा हे गृहस्थ बाजारात जाऊन जर्मन धातूची नवी कोरी ताटली घेऊन आले, ती माठावर ठेवली आणि झाकण घेऊन घरी आले. सासऱ्यांनी लग्नात फोनोबरोबर दोन रेकॉर्डी दिल्या होत्या, त्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याला देऊन टाकल्या. बुवांच्या पंगतीला दुसरं कुणी नको म्हणाले.

आणि पुढची करामत ऐका. फोनोला तबकडी जलद-हळू फिरवायचा एक खटका असतो. डॉक्टरांच्या मनानं घेतलं की जोरात पळवली तर तबकडी लवकर झिजणार. जपून चालवली की वस्तू टिकते, हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला कायदा. वहाणासुद्धा ते गवतावरून चालवायचे. तर त्यांनी तो खटका सगळ्यांत हळूच्या टोकाला नेला, आणि पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून टपालाच्या लाखेनं सील करून टाकला. वर कचेरीचा शिक्का. सरकारी माणूस! लढाईत पिना मिळेनाशा झाल्या तेव्हा बाभळीचा काटा कापून लावायचे. त्या काट्यावर बुवा फार मायेनं गातात असं त्यांचं म्हणणं.

गाणं तीन-चार मिनिटांचं असावं असं मला वाटायचं. पण ते संपायला चांगली पाच मिनिटं लागायची. खोल, जड, रेंगाळणारा पुरुषी आवाज. भाषा कानडी नाही हे एका कानडी पोलिसानं सांगितलं, गुजराती नाही हे कापडवाल्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणत, "भाषा कशाला हवी? दुःख कळतं ना?" शेवटी बुवा थांबायचे, आणि तीनदा हुंदका द्यायचे. हं… हं… हं. तो हुंदका आला की डॉक्टर मान खाली घालायचे. बुवांचं सगळं चरित्र त्यांनी रचून ठेवलं होतं. गरीब घरचा माणूस, बोलायला कमी, एकुलती मुलगी देवीनं गेली, तेव्हापासून गातो. मला एवढ्या खात्रीनं सांगायचे की मीही मान हलवायची.

एकदा मी वहिनींना म्हटलं, "बिचाऱ्या बुवांची मुलगी गेली हे यांना कुणी सांगितलं हो?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बुवांची कुठली? आमची गेली. चार वर्षांची होती. त्यानंतर तर यांनी ही नोकरी धरली." आणि सूप झटकून उठल्या. त्यांना ती तबकडी मुळीच आवडत नसे. ती लागली की विहिरीवर निघून जायच्या. जाताना म्हणायच्या, "लागलं यांचं रडगाणं." त्या दिवसापासून मी डॉक्टरांची थट्टा जरा बेतानं करायला लागले. अगदीच सोडली नाही, खोटं कशाला बोलू.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फिरतीला जायची. त्याला कारण होतं. टोचलेल्या पोराच्या बापाचं नाव वहीत लिहावं लागे, आणि बाया नवऱ्याचं नाव कशा घेणार? डॉक्टरांपुढे तर पदर तोंडात कोंबून उभ्या. माझ्याजवळ येऊन कानात सांगायच्या, तेही आडून. "पार्वतीच्या मालकाचं नाव ल्हिवा." लिहिलं शंकर. एक बाई म्हणाली, "काल तुमी आमच्यात भाकरीबर काय खाल्लं, त्येच." मी तासभर डोकं खाजवलं. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला होता, आणि गूळ. तिच्या नवऱ्याचं नाव गुळाजी निघालं!

डॉक्टरांची टोचायची रीत अशी. पारावर फोनो मांडायचा, बाया पोरं घेऊन गोल बसायच्या. तबकडी फिरायला लागली की पोरं तिच्याकडे टकामका बघत राहायची. डॉक्टर बोटांत टोचणी धरून तयार. बुवांचा हुंदका आला की सगळ्यांचे डोळे भरायचे, आणि नेमका त्याच क्षणी डॉक्टर समोरच्या दंडावर टोचणी फिरवायचे. पोर रडायचं, पण त्याला वाटायचं बुवा रडले म्हणून आपण रडतोय. एका गाण्याला एक पोर, की पुन्हा चावी द्यायची. दिवसभरात ते गाणं मी तीस-तीस वेळा ऐकलंय. कर्म माझं!

मी नगरला चर्चमध्ये पेटी वाजवायची, तेव्हा सुराची थोडी समज होती. एकदा म्हटलं, "डॉक्टर, एका दमात माणूस इतकं लांब गाईल कसा? ही फुप्फुसं आहेत की लोहाराचा भाता?"

"रियाज!" ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना एकच गाव जिंकता आलं नव्हतं. गाव तरी कसलं, निजामाच्या हद्दीला लागून असलेली पाच-सहा घरांची वस्ती. तिथं एका म्हातारीचा शब्द चालायचा. सगळी वस्ती तिला आई म्हणायची. दर वर्षी ती पुढं येऊन बसायची, गाणं ऐकून डोळे पुसायची आणि म्हणायची, "बुवा लई ग्वाड गातुया. पर देवीला खिजवायचं न्हाई." की सुना पोरं उचलून घरात. एरवी मुंगीलाही न दुखावणारे डॉक्टर तिथं मात्र भडकायचे. "अहो, अडाणीपणाला काही सीमा? पोरं मारायचीत का तुम्हाला? डोळ्यांनी दिसतं ते तरी माना!" म्हातारी शांतपणे तंबाखू मळायची.

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हद्दीपलीकडच्या गावात देवीची साथ आली. वस्तीपासून दोन कोसांवर. डॉक्टर लस घेऊन धावले, मीही गेले. त्या दिवशी म्हातारी थोडी विरघळली होती असं मला अजून वाटतं. एका नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. गाणं अर्ध्यावर आलं आणि फोनोच्या पोटात असा कडाड आवाज झाला की बाया किंचाळून उठल्या. स्प्रिंग तुटली होती. बुवा एक घरघर करून गप्प झाले.

म्हातारीनं नातवाला पदराखाली घेतलं. "बघा, देवी कोपली. बुवाला न्हेलं तिनं."

"यंत्र मोडलंय, आजी! आठ दिवसांत दुरुस्त करून आणतो."

"मग आन. बुवा जित्ता माघारी आला तर मी म्हनंन देवी कोपली न्हाई. मग टोच समद्यांस्नी." तिनं बोटांवर मोजून दाखवली. वस्तीवर चौदा पोरं होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून नगरला गेलो. मला घरी जायचंच होतं. डॉक्टरांनी फोनो मांडीवर घेतला आणि तबकडी माझ्या मांडीवर दिली. हा मान पाच वर्षांत मला पहिल्यांदा मिळाला. चढावर मोटार ढकलायला सगळे उतरले तेव्हा त्यांनी मला उतरू दिलं नाही.

माझ्या माहितीचे एक घड्याळवाले चाचा होते, फोनोही दुरुस्त करायचे. त्यांनी नवी स्प्रिंग बसवली. मग त्यांची नजर लाखेवर गेली. "हे काय साहेब? फोनोला सरकारी सील?" डॉक्टर नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी चाकूच्या टोकानं लाख उडवली, तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले. खटका पुढं सरकवला, पुन्हा मोजले. "मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. आता बरोबर." आणि काटा ठेवला.

अगं बाई! दुकानात एक पोरगी गायला लागली. पंधरा-सोळा वर्षांची असेल नसेल. खट्याळ, उड्या मारणारं गाणं, ऐकताना पाय हलावेत असं. आणि शेवटी, जिथं बुवा हुंदका द्यायचे, तिथं ती खुदकन हसली. तीनदा.

डॉक्टर उभेच राहिले. "ही कोण?" म्हणाले. "बुवा कुठं गेले? काय केलंत तुम्ही बुवांचं?"

चाचा घाबरले. "साहेब, मी काही नाही केलं. घोड्याला तुम्ही बैलाच्या चालीनं हाकत होता. ही तिची खरी चाल." आणि त्यांनी चिठ्ठी, घड्याळ सगळं डॉक्टरांच्या हातात देऊन स्वतः मोजायला लावलं. डॉक्टरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अठ्ठ्याहत्तर आणि तिन्ही वेळा पोरगी हसली. मला हसू आवरेना, आणि दुसरीकडे इतकं वाईट वाटत होतं की मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. एखाद्याचा सात वर्षांचा सोबती असा एका मिनिटात नाहीसा व्हावा!

परतीच्या मोटारीत ते फोनोच्या खटक्यावर बोट ठेवून बसले होते. जामखेड गेल्यावर मीच म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? खटका मागं ओढा, बुवा परत हजर. वस्तीवर कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," ते म्हणाले.

घरी पोचल्यावर त्यांनी काही न सांगता फोनो ओसरीवर ठेवला आणि तबकडी लावली. वहिनी नेहमीप्रमाणे घागर उचलून विहिरीकडे निघाल्या होत्या. पायरीवरच थांबल्या. गाणं संपलं, पोरगी हसली, तरी त्या तशाच उभ्या. मग घागर खाली ठेवून ओसरीवर बसल्या. म्हणाल्या, "पुन्हा लावा." चार वेळा लावली. चौथ्या वेळेला वहिनी स्वतःच चावी द्यायला पुढे झाल्या. डॉक्टरांनी त्यांना फोनोला हात लावू दिला हे मी डोळ्यांनी बघितलं. मी आपली खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. माझेही डोळे ओले झाले होते, उगाच कशाला लपवू.

आठव्या दिवशी वस्तीवर गेलो. रस्ताभर मी विचार करत होते, हे काय करणार? बुवा आणले तर चौदा पोरं टोचून होणार. नाही आणले तर म्हातारी म्हणणार, देवीनं नेला. साथ तर आणखी जवळ आली होती. माझं सरळ मत होतं, खटका मागं घ्यावा आणि काम उरकावं. मी तसं पुन्हा बोलूनही दाखवलं. डॉक्टर सायकल ढकलत राहिले.

वस्तीवर सगळी जमली होती. म्हातारी पुढं, सुना मागं, पोरं मांडीवर. डॉक्टरांनी चावी दिली, काटा ठेवला. पोरगी गायला लागली. पोरं टाळ्या पिटायला लागली. म्हातारीचा चेहरा मात्र उतरला. गाणं संपायच्या आत ती उठली. "ह्यो आमचा बुवा न्हाई. चला गं घरात."

डॉक्टरांचा हात खटक्याकडे गेला. मी मनातल्या मनात म्हटलं, ओढा हो एकदाचा! हात तिथंच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"आजी, बसा जरा," ते म्हणाले. "देवीनं बुवाला नेला नाही. बुवा नव्हताच कधी. ही पोरगीच होती. मी मशीन चुकीचं लावून ठेवलं होतं, हळू. म्हणून तिचा आवाज पुरुषासारखा यायचा. ती हसायची, ते मला रडणं वाटायचं. सात वर्षं मी ते तुम्हाला ऐकवलं, तुम्हाला रडवलं. चूक माझी होती. खोटं वाटत असेल तर बघा." आणि त्यांनी काटा पुन्हा सुरुवातीला ठेवून खटका मागं ओढला. बुवा आले. पुढं ढकलला, पोरगी आली. मागं, पुढं, मागं, पुढं. बायांनी आधी तोंडावर हात ठेवले, मग एकेक जण फिदीफिदी हसायला लागली. डॉक्टर मात्र एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे खाली बघत उभे होते. इतक्या माणसांसमोर इतकं सरळ "माझं चुकलं" म्हणणारा सरकारी माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, आणि पुढंही फार बघितले नाहीत.

म्हातारी हसली नाही. जवळ आली. फोनोभोवती एक चक्कर मारली, तबकडीकडे वाकून बघितलं, आणि मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सात वर्सं?" तिनं विचारलं.

"सात वर्षं."

"रोज ऐकत हुतास?"

"रोज."

"तू शिकल्याला मानूस. तुला कळाया सात वर्सं लागली. मग आमाला कळाया येळ लागला, तर येवढा वरडत का हुतास रं आमच्यावर?"

डॉक्टरांनी हात जोडले.

म्हातारीनं मागं वळून सुनेच्या मांडीवरचा नातू उचलला, त्याच्या अंगरख्याची बाही वर सारली आणि तो उघडा दंड डॉक्टरांच्या पुढं धरला.

"घे. टोच. बायका-पोरांसमोर चुकलं म्हनतोस, तर तुजं खरं असंल."